डावीकडचं मागलं चाक

निजामाच्या अख्ख्या मुलखात मोटारीला आमच्या आतोबांइतका भिणारा माणूस नव्हता, आणि मोटार पाहिल्यावाचून ज्याचा एक दिवस सुना जाईल असाही दुसरा नव्हता. कळंबहून बार्शीला जाणारी सर्व्हिस मोटार रोज सकाळी अड्ड्यावर उभी राहायची आणि तिच्याआधी आतोबा तिथं हजर असायचे. त्यांना कुठं जायचं नसे. देवळात गेल्यासारखे ते मोटारीभोवती एक फेरा घालत, प्रत्येक चाकापाशी वाकत, हातातल्या काठीनं टायरवर हलका ठोका देत आणि मान तिरपी करून आवाज ऐकत. बायका बाजारात रांजण विकत घेताना बोटांनी वाजवून बघतात, तसं. ड्रायव्हर करीमभाई स्टिअरिंगवर बसून बिडी ओढत हे सगळं पाहत असे. रोज तो एकच प्रश्न विचारी, "काय म्हनतंय चाक, तोलारसाब?" आणि आतोबा रोज तितक्याच गांभीर्यानं सांगत, "मला आज ऱ्हाऊ दे म्हनतंय."

आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. धंद्यानं तोलार. आडत बाजारात ज्वारी, तूर, करडईची पोती काट्याला लावायची आणि वजन पुकारायचं, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं आणि त्या तीस वर्षांत त्यांच्या डोळ्यांचं काहीतरी होऊन बसलं. त्यांना माणूस दिसत नसे, वजन दिसे. मी हैदराबादेहून शिकून कळंबच्या शाळेत मास्तर म्हणून आलो आणि त्यांच्या पाया पडलो, तेव्हा आशीर्वाद द्यायच्या जागी ते म्हणाले, "मण पंचवीस शेर. गेलास तवा मण तीस व्हतास. तिकडं खानावळ बरी न्हवती वाटतं." नात्यात मुलगी बघायला गेले की घरी येऊन आत्याला सांगत, स्थळ चांगलं आहे, मुलगी मण आठ शेर. नाक कसं आहे, रंग कसा आहे, हे आत्यानं विचारलं तर त्यांना आठवत नसे. गावात कुणी आजारानं झिजायला लागला तर वैद्याच्या आधी ते आतोबांना कळायचं आणि वैद्याच्या आधी ते बोलूनही दाखवायचे. त्यामुळं आजाऱ्याच्या घरी त्यांना सहसा कुणी बोलवत नसे. तोलार लोक मोजताना 'एक' म्हणत नाहीत. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात आणि पुढं दोन, तीन असं चालतं. आतोबांची ही सवय बाजारापुरती राहिली नव्हती. जिना चढताना पहिली पायरी लाभ, देवळात घंटा वाजवताना पहिला ठोका लाभ, आणि दाढ दुखून वैद्यानं दात काढले तेव्हा पहिला दातही लाभच.

मोटारीच्या दारावर आतल्या बाजूला उर्दूत पाटी होती, अठरा सवाऱ्या. कायदा इतका सोपा होता की मालकाला तो समजावून सांगावा लागे. मालकाचं म्हणणं असं, की मांडीवरचं मूल ही सवारी नव्हे, कारण मांडी आधीच मोजलेली असते. बाई म्हणजे अर्धी सवारी, कारण ती अंग चोरून बसते. पायरीवर उभा असलेला माणूस मोटारीत नसतो, टपावरचा माणूस सामानात जातो आणि सरकारी शिपाई तर कामावर असतो, तो प्रवास करतच नाही. अशा रीतीनं तीस-बत्तीस माणसं चढली तरी मालक शांतपणे सांगे, अठराच आहेत. मी हैदराबादेत तर्कशास्त्राची दोन जाड पुस्तकं वाचली होती. इतकं निर्दोष प्रमेय मला त्यांत सापडलं नाही. आतोबांना मात्र ते पटत नसे. ते दाराशी उभे राहून "लाभ, दोन, तीन" असं मोजत आणि अठरा झाले की काठी आडवी धरत. एकोणिसावा माणूस काठीखालून वाकून आत जाई. विसावा काठी धरूनच चढे. एकदा त्यांनी एका जाड्या व्यापाऱ्याला सरळ "सात-आठ" असं एका दमात मोजलं. व्यापारी चिडून खाली उतरला आणि आतोबा म्हणाले, "आता सहा झाले." मोटारीतली माणसं येरमाळ्यापर्यंत हसत गेली म्हणतात. त्या व्यापाऱ्यानं पुढं कितीतरी महिने बार्शीचा प्रवास घोड्यावरून केला. घोड्याविषयी आतोबांचं मत होतं, पण ते त्यांनी मलाच सांगितलं.

खिळ्यांचं प्रकरण याहून मोठं. आमच्याकडं बाजाराच्या दिवशी नालबंद रस्त्याच्या कडेला बैल आडवे पाडून नाल ठोकतात. वाकडा झालेला खिळा तो तिथंच टाकून देतो आणि बैलाच्या खुरातून निसटलेले खिळे वाटभर पडत जातात. मोटारीच्या चाकाला यासारखा वैरी नाही, हे आतोबांनी हेरलं होतं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ते गळ्यात झोळी अडकवून निघत आणि अड्ड्यापासून गावाबाहेरच्या पुलापर्यंत खाली मान घालून खिळे वेचत जात. परगावचा एक पाहुणा त्यांना पाहून गहिवरला आणि झोळीत मूठभर ज्वारी टाकून गेला. आतोबांनी ती झोळीतच तोलली, पावशेर भरली, आणि पुढं चालू लागले. नालबंदाला बरेच दिवस वाटत होतं, की हे आपला माल चोरतात. त्यानं आत्याकडं तक्रार केली. आत्यानं भरलेला डबाच त्याच्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "न्या बाबा समदे. आमच्या घरात मोटार न्हाय, बैल न्हाय, निस्ते खिळेच हैत."

मग महायुद्ध आलं. युरोपात काय जळत होतं ते वर्तमानपत्रात यायचं. कळंबला त्याची झळ टायरवाटे पोचली. नवं टायर परमिटाशिवाय मिळेना आणि परमिट कुणाला मिळतं हे कुणालाच कळेना. फाटलेल्या टायरला आतून जुन्या टायरचं ठिगळ लावायचं, ते फाटलं की त्यावर दुसरं. करीमभाईच्या मोटारीची मागची दोन चाकं तर अशी झाली होती, की मूळ टायर कुठलं आणि ठिगळ कुठलं हे त्यालाही सांगता येत नसे. जादा चाक म्हणून जे पाठीमागं टांगलेलं असायचं, ते कधीच पुढच्या चाकाच्या जागी गेलं होतं. त्यात पेट्रोल संपलं. तेव्हा मालकानं मोटारीच्या मागं कोळशाच्या गॅसचा गाडा जोडला. दोन चाकांवर उभं केलेलं लोखंडी पिंप, त्यात धुमसता कोळसा, पिंपातून निघून मोटारीच्या इंजिनात जाणारी नळी, आणि हा सगळा संसार मोटारीला एका आकड्यानं अडकवलेला. मोटार सरळ गेली तरी गाडा शेपटासारखा इकडून तिकडं हलायचा. वर आणखी, गाडा म्हणजे मोटार नव्हे या न्यायानं त्याच्या दांड्यावरही दोन-तीन माणसं बसायची. आतोबांनी तो गाडा प्रथम पाहिला त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "बसू, मागचं वजन चढाला ओढतं आन उताराला ढकलतं. दोन्हीकडनं मरण आपलंच."

अशा माणसाच्या पूर्वायुष्यात काहीतरी भयंकर घडलेलं असतं, असं लोकांना वाटतं. गावात दोन-तीन कथा होत्याही. एकीत आतोबांचा भाऊ मोटारीखाली गेला होता. आतोबांना भाऊच नव्हता. मला विचाराल तर काही घडलेलं नव्हतं. जन्मभर काट्यापुढं उभ्या राहिलेल्या माणसाला एवढं कळलं होतं, की दोरीला, दांडीला, चामड्याला, कशालाही एक हद्द असते आणि ती ओलांडली की वस्तू आधी सांगत नाही. उरलेल्या गावाला हे ठाऊक नव्हतं, एवढाच फरक.

आता त्या दिवसाचं सांगतो. आतोबांची एकुलती एक मुलगी नंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. वैशाखाचे दिवस. कळा सुरू होत, थांबत, पुन्हा सुरू होत. दोन दिवस असे गेले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सुईणीनं सांगितलं की मूल आडवं आहे, आता माझ्या हातात नाही, दुपारच्या आत बार्शीला दवाखान्यात डॉक्टरीणबाईंकडं पोचवा. बैलगाडीनं निघालं तर दुसरा दिवस उजाडला असता. मोटार एकच होती.

आम्ही नंदाला बाजेवर घालून अड्ड्यावर नेलं तेव्हा मोटार भरलेली होती. मालकाच्या हिशेबानं अठरा, माझ्या हिशेबानं तीस. पुढं ड्रायव्हरशेजारी एक अंमलदार बसले होते. त्यांचा हुद्दा इतका लांब होता की तो सांगता सांगता पुढचं स्टेशन यावं. अंगात शेरवानी, डोक्यावर लाल रुमी टोपी, टपावर तीन संदुका, गादीची वळकटी आणि तितराचा पिंजरा. गाव मनानं चांगलं आहे. नंदाला पाहताच माणसं सरकली, दोघं टपावर चढले, मागचं बाक रिकामं झालं. एकतिसावी, बत्तिसावी सवारी सहज मावणार होती. करीमभाईनं खाली उतरून दार उघडून धरलं. "चला तोलारसाब, पोरीला ठेवा आत."

आतोबा हलले नाहीत. ते डावीकडच्या मागल्या चाकाकडं बघत होते. त्या टायरच्या कुशीला आठ दिवसांपासून एक चीर होती, आतून ठिगळ होतं, आणि आठ दिवस ते रोज करीमभाईला तिच्याविषयी सांगत होते. बाजेवर नंदा कण्हत होती. माझ्या मनात आलं, की आज तरी हा माणूस त्या चिरेकडं डोळेझाक करील. जन्मात एकदा केली तर कोण काय म्हणणार होतं? आतोबांनी काठी उचलली आणि मोटारीच्या पत्र्यावर वाजवली. "उतरा," ते म्हणाले. "ज्यानला आज जायाचं अगदी आडलंय तेवढेच बसा. बाकीचे उतरा."

कुणाला काही कळेना. आत्या रडत म्हणाली, अहो, आज तरी नको. अंमलदारांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "तोलार, बच्ची की जान का सवाल है और तुम तोल करते बैठे?"

"तिची जान जाऊ नये म्हनूनच करतो, साहेब," आतोबा म्हणाले. "तुमी पावणेतीन मण. तुमच्या संदुका दोन मण. पिंजरा धरत न्हाय."

इतक्या माणसांत, इतक्या मोठ्या आवाजात, अंमलदारांचं वजन आजवर कुणी पुकारलं नव्हतं. ते लाल झाले. पण तोवर टपावरची माणसं मुकाट्यानं उतरू लागली होती, आणि त्यांच्याबरोबर त्यांनी संदुकाही उतरवल्या. एक म्हातारी काठी टेकत उतरली आणि जाताना आतोबांना म्हणाली, "माजं किती रं, बाबा?" "पस्तीस शेर, आजी. तुमी बसला तरी चालतंय." "न्हाय, लेकीला जाऊ दे," म्हणून ती उतरलीच. शेवटी मोटारीत अठरा माणसं उरली, खरोखरची अठरा. मागच्या बाकावर आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून नंदा, तिच्या पायथ्याशी सुईण. दवाखान्यात बोलायला मास्तर असावा म्हणून मी. आणि पुढं अंमलदार, एकटे, संदुकांशिवाय, पितराच्या पंगतीला चुकून आल्यासारखे.

आतोबा डाव्या पायरीवर मागं तोंड करून उभे राहिले. खिडकीची दांडी एका हातानं धरली आणि नजर चाकावर. अख्ख्या वाटेत त्यांनी दुसरीकडं पाहिलं नाही. आत नंदा ओरडायची, करीमभाईचा पाय नकळत दाबला जायचा, आणि बाहेरून आवाज यायचा, "हळू." मैल गेला की "हळू." अंमलदार घड्याळ काढून बघत आणि पुन्हा आत ठेवत. मला त्या आवाजाचा राग येऊ लागला होता. खडीचा रस्ता, डोक्यावर ऊन, मागं कोळशाचा गाडा झुलतोय, दुपार जवळ येतेय आणि मुलीचा बापच मोटार अडवून धरतोय, असं वाटत होतं.

येरमाळा ओलांडून घाटाच्या तोंडाशी आलो आणि आतोबांनी पत्र्यावर थाप मारली. करीमभाईनं मोटार थांबवली. आम्ही उतरून पाहिलं. टायरच्या कुशीला, चिरेच्या जागी, लिंबाएवढा फुगा आला होता. मी करीमभाईच्या तोंडाकडं पाहिलं. तो नेहमी काहीतरी टोला मारणारा माणूस. त्यानं विझलेली बिडी तोंडातून काढली आणि खिशात ठेवली. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. पुढं दोन मैलांचा उतार होता, एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला काही नाही. बदलायला चाक नव्हतं. मागून दुसरी मोटार येणार ती उद्या.

"गाडा सोड," आतोबा म्हणाले.

करीमभाई म्हणाला, गाडा सोडला तर मोटार चालणार कशावर. "उतारावर तिला चालवायचं कुठं हाय? धरायचं हाय," आतोबा म्हणाले. "मागनं गाड्याचा रेटा नसला, आत मानसं नसली, तर चाकावर भार किती ऱ्हातो? माजी पोर, तिची आई, सुईण आन तू. तेवढं ते सोसंल."

"आन गाडा?"

करीमभाई परमुलखातून आलेला, त्यालाच हा प्रश्न पडू शकतो. आमच्या भागातल्या माणसाला तो पडत नाही. जत्रेत रथ उतारावरून आणताना पुढं ओढणारे थोडे आणि मागून दोरानं धरून ठेवणारे जास्त असतात, हे इथलं पोर पाळण्यात शिकतं. मोटारीच्या टपावर सामान बांधायचे दोन दोर होते. ते पिंपाच्या गाड्याला बांधले, दोघांनी दांडी धरली आणि बाकीचे मागून दोराला लागले. कुणी सांगावं लागलं नाही. सवयीनं एकानं पटका कमरेला आवळला, दुसऱ्यानं देवाचं नाव घेतलं, आणि धुमसत्या कोळशाचा तो गाडा वीरभद्राच्या रथासारखा घाट उतरू लागला. अंमलदार थोडा वेळ कडेला उभे राहिले. मग त्यांना दिसलं की डावा दोर ढिला पडतोय. त्यांनी हाक मारून सांगितलं, कुणी ऐकलं नाही, तेव्हा ते स्वतःच येऊन दोराला लागले. शंभर पावलांत शेरवानीच्या बाह्या काळ्या झाल्या. दोनशे पावलांत ते सगळ्यांना हुकूम देऊ लागले होते, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या पावणेतीन मणांचा दोराला फार आधार झाला.

पुढं रिकामी मोटार, पावलापावलानं. तिच्या डाव्या मागल्या चाकाशेजारून आतोबा चालत होते. कडेचा एक मोठा धोंडा त्यांनी दोन्ही हातांत उचलून पोटाशी धरला होता. टायर गेलं तर त्याच क्षणी चाकाखाली सारायचा म्हणून. मी दोराला होतो, त्यांच्या मागं वीसएक हातांवर. दोन मैल तो धोंडा त्यांनी खाली ठेवला नाही. साठीला आलेला, अडीच मणांचा माणूस, घाम डोळ्यांत जातोय, पुसायला हात मोकळा नाही. नंदा आतून "अण्णा, अण्णा" म्हणून हाका मारत होती. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. दोर धरलेल्यांपैकी कुणीतरी पुटपुटलं, काय काळजाचा बाप आहे. मला त्यांचे हात दिसत होते. नंदाच्या प्रत्येक हाकेला ते धोंडा पोटाशी आणखी आवळत होते.

घाट उतरलो तेव्हा नंदाचा आवाज थांबला होता. तो सगळ्यात वाईट क्षण. मी धावत जाऊन खिडकीतून पाहिलं. आत्यानं मानेनं खूण केली, आहे. गाडा पुन्हा जोडला, कोळसा फुलवला. लोक चढायला लागले तेव्हा आतोबांनी धोंडा ठेवला आणि दारात उभे राहिले. मला म्हणाले, "तू बस. बाकी कुनी न्हाय." आत्यानं विचारलं, आणि तुम्ही? "मी अडीच मण हाय," ते म्हणाले. पुढं इंग्रजी हद्द होती, आणि हद्दीवर करोडगिरीचा नाका. तिथं प्रत्येक गाठोडं सोडून बघत. अंमलदारांनी खिशातून कागद काढून चिठ्ठी लिहिली: मोटार अडवू नये. तीन शब्द मजकूर आणि चार ओळी हुद्दा. नाक्यावरच्या शिपायानं मजकूर वाचलाच नाही; हुद्दा पाहून सलाम ठोकला आणि आडवा बांबू वर केला. बडेजावाचा कुणाला उपयोग झालेला मी आयुष्यात पाहिला तो तेवढाच.

नंदा वाचली. मुलगी झाली, तीही वाचली. आतोबा संध्याकाळी एका बैलगाडीतून बार्शीला पोचले. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभा होतो. दोघी सुखरूप आहेत म्हटल्यावर ते तिथंच खाली बसले. मग करीमभाईकडं बघून विचारलं, "टायर?" करीमभाई म्हणाला, "साबूत. अगदी दवाखान्याच्या दारापर्यंत."

हेच पुढं सगळ्या गावाच्या तोंडी झालं. टायर साबूत पोचलं. म्हणजे झालं काहीच नव्हतं. आतोबांनी अर्ध्या गावाला मोटारीतून खाली उतरवलं, उरलेल्यांना उन्हात घाट चालायला लावला, एका अंमलदाराच्या हातून कोळशाचा गाडा उतरवून घेतला, आणि टायर आपलं आहे तसं. हे सांगताना लोक पोट धरून हसत. अंमलदारांच्या तोंडी हीच हकीकत वेगळी होती; तीत घाटात मोटार त्यांच्या हुकुमावरून थांबली होती. आतोबा दोन्ही ऐकून घेत. पण डॉक्टरीणबाई सहज एक वाक्य बोलून गेल्या होत्या, की थोडं लवकर आणलं असतं तर बाईचे एवढे हाल झाले नसते. ते वाक्य आतोबांच्या मनातून जाईना. एक दिवस शाळेपाशी येऊन त्यांनी मला विचारलं, "बसू, न थांबता गेलो असतो तर? तर काय झालं असतं?" मी शिकलेला माणूस. मी सांगितलं, टळलेल्या अपघाताला पुरावा नसतो, त्यामुळं हा प्रश्नच विचारता येत नाही. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मण बावीस," म्हणाले आणि निघून गेले.

मग ते टायर शोधू लागले. करीमभाईनं ते बार्शीत उतरवून दुसरं ठिगळाचं चढवलं होतं आणि मालकानं जुनं टायर कळंबला वहाणा करायला देऊन टाकलं होतं. आतोबा ते बघायला गेले तोवर त्याचे तुकडे होऊन वहाणा बाजारात विकल्या गेल्या होत्या. तेव्हापासून दोन महिने आतोबा माणसांच्या पायांकडं बघत हिंडले. बाजारात, देवळाबाहेर, चावडीवर. बोलता बोलता समोरच्याला पाय वर कर म्हणत. लोकांनी याचंही हसं केलं. वजन बघून झालं, आता माप घेतायत म्हणाले.

सापडलं ते ज्यानं टायर कापलं त्या म्हाताऱ्या कारागिराच्याच पायात. मी बरोबर होतो. त्यानं वहाण काढून पुढं केली. "ह्यो तुकडा इकायला लाज वाटली, मालक. आतनं पार फाटला व्हता. म्हून मीच घातला, वर कातडं शिवलं." त्यानं आतोबांसाठी ते कातडं उसवलं. आतोबांनी तुकडा उन्हाकडं धरला. टायरच्या आत कापडाचे चार पदर असतात. तीन आरपार गेले होते. चौथ्यातून उजेड येत होता, जुन्या धोतरातून येतो तसा. आतोबांनी तो तुकडा हातात तोलला, मग परत दिला आणि शिवून घाला म्हणाले, चांगली आहे वहाण.

बाहेर आल्यावर मी उत्साहानं म्हणालो, की आता गावाला दाखवू, हसणाऱ्यांची तोंडं बंद होतील.

"कुनाला सांगू नगं," आतोबा म्हणाले. "नंदीच्या तर कानावर जाऊ देऊ नगं."

"अहो, गाव तुम्हाला येडं म्हणतंय."

"म्हनू दे. परवा ती लेकरू घेऊन सासरी निघालीय. मोटारीनंच जायाची हाय."

ती गेली त्या दिवशी मी अड्ड्यावर होतो. आतोबा तिला न्यायला आलेल्या जावयाशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारत उभे होते, चाकांकडं पाठ करून. नंदानंच हसून विचारलं, अण्णा, आज चाकं बघितली नाहीत? "त्यात काय बघायचं," ते म्हणाले. करीमभाईनं मला नंतर सांगितलं, की पहाटेच येऊन ते चारही टायरांपाशी आडवे पडून ती तपासून गेले होते, आणि तीन माणसांच्या घरी जाऊन त्यांनी त्यांना उद्या जा म्हणून विनवलं होतं. मोटार धुरळ्यात दिसेनाशी झाली. आतोबा घरी गेले नाहीत. अड्ड्यावरच्या निंबाखाली बसून राहिले ते संध्याकाळी करीमभाई रिकामी मोटार घेऊन परत येईपर्यंत. त्यानं लांबूनच हात वर केला, तेव्हा ते उठले.

आतोबांना जाऊन बरीच वर्षं झाली. नंदा आता स्वतः आजी आहे. तिच्याकडं गेलो की ती नातवंडांना जवळ बसवून घाटाची गोष्ट सांगते. लिंबाएवढ्या फुग्याला घाबरून तिच्या वडलांनी अख्खी मोटार कशी रिकामी केली आणि पोटाशी धोंडा धरून कसे चालले, ते हुबेहूब करून दाखवते. माझे वडील फार भित्रे होते हो, असं म्हणून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसते. मुलंही हसतात. मग ती माझ्याकडं बघून विचारते, बसूदादा, होते की नाही? मी म्हणतो, होते.